मुहन्नद

सोहारच्या वर्कशॉपात मालकाचा नातू
शाळा सुटली की येऊन बसायचा लोखंडाच्या ढिगावर.
नाव विचारलं तर म्हणाला, मुहन्नद.
महिनाभर मी महानंदच ऐकत होतो,
दुधाच्या पिशवीवरचं.

म्हाताऱ्या खल्फाननं कान उपटला माझा.
मांडीवर त्याची सरळ, जुनी तलवार,
तो चिंधीनं तेल पुसत होता.
मुहन्नद म्हणजे ही, म्हणाला.
हीच नाही, पण हिच्या जातीची:
हिंदच्या पोलादाची.
गलबतातून यायचं इथं.
आधी पात्याला तुमच्या मुलखाचं नाव पडलं,
मग आयांनी पात्याचं नाव पोरांना दिलं.

मी चहा तसाच धरून उभा.
म्हणजे त्या शेंबड्या पोराच्या नावात
इतके दिवस मी होतो,
आणि फाटकावरचा बलुची
मला रोज हाक मारतो, ए हिंदी, ट्रक लाव.

आम्ही घिसाडी. बाप वेशीबाहेर पाल ठोकायचा,
आई भाता ओढायची.
ट्रकचा मोडका पाटा तापवून विळा करायचा,
आणि घणाखाली पातं नीट बोललं
की ओरडायचा, फिरंग हाय, फिरंग!
फिरंग म्हणजे समुद्रापल्याडच्या पात्याची तलवार,
त्याच्या बापानं सांगितलेलं.
समुद्र दोघांनीही पाहिला नव्हता.

हे सगळं मोडक्या अरबीत सांगितलं.
खल्फान बोळकं पसरून हसला.
मग तुम्ही पोरांची नावं फिरंग ठेवता?
नाही म्हटलं. दगडू ठेवतो, धोंडू ठेवतो,
दृष्ट लागू नये म्हणून.
त्याला दृष्ट कळली. मान हलवली बराच वेळ.

एकदा पत्र्याची कड लागून
मुहन्नदचा अंगठा चिरला.
रडून वर्कशॉप डोक्यावर घेतलं.
शर्टाची पट्टी फाडून बांधताना बोलून गेलो,
अरे, तलवारीला कुठं लागतं का, येड्या?
मराठी त्याला काय कळणार.
तरी हुंदका अडला, माझ्याकडे बघत राहिला.

येताना हातातल्या पिशवीत
बापानं केलेला एक विळा होता.
मुंबईच्या विमानतळावर काढून घेतला,
धार आहे म्हणाले.
बापाला अजून सांगितलेलं नाही.
फोनवर विचारतो, विळा चालतो का रे तिकडं?
मी म्हणतो, चालतो.
नाव काढतात.