शकला असता

म्युनिकच्या पूर्वेला हार नावाचं गाव आहे.
तिथे रोज कुणीतरी हरतं,
त्यात नावाचा दोष नाही.
गावात आमचं अपील मंडळ,
आणि मंडळात एक माणूस, जो नाहीच.

त्याने जगातले सगळे कागद वाचलेत,
जपानी, डॅनिश, तळटीपांसकट.
हात सराईत. कल्पनाशक्ती शून्य.
आम्ही त्याला 'कुशल माणूस' म्हणतो
आणि सकाळी नऊला बोलावून विचारतो:
तुला हे सुचलं असतं का, बाबा?

आज टेबलावर रबराची नळी,
गाईच्या सडाला लावायची.
आतल्या अंगाला एक तिरकी खाच,
तांदळाच्या दाण्याएवढी.
हवा शिरते, सड सुजत नाही.
बास. एवढाच शोध.

कंपनीचे वकील ड्रेक्सलर
दोन कागद पुढे सरकवतात.
एकात नळी, खाच नाही.
दुसऱ्यात तान्ह्या बाळाच्या बाटलीचं निपल,
ओसाकाचं, चौऱ्याहत्तर सालचं. खाच आहे.
"एकावर एक ठेवा," ते म्हणतात,
"शाळकरी पोरही सांगेल."

आणि खरंच, ठेवले की दिसतं.
उत्तर ऐकल्यावर कुठला उखाणा अवघड राहिलाय?
कळसा काखेतच होता, हे
कळसा सापडल्यावर सगळ्या गावाला ठाऊक असतं.

मी तांत्रिक सदस्य. माझं काम विसरण्याचं.
ती खाच मी पाहिलीच नाही, असं
दुपारपर्यंत स्वतःला पटवायचं.
पण डोळ्यातलं कुसळ निघतं,
उजेड निघत नाही.

शेजारी सिलार्ड वेग, कायद्याचा माणूस,
पेन्सिलीने लिहितो:
'जोडू शकला असता', हे नको.
'जोडलं असतं का', ते सांगा.
आमचं अख्खं शास्त्र
या एवढ्याशा फटीत उभं आहे, अंग चोरून.

समोर वालबुर्गा राइटमायर, आल्गॉयची.
बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, सुनावणीतही.
"बाटलीचं मला काय माहीत," ती म्हणते,
"मला पोर नाही.
लीझल लाथ मारायची. अकरा वर्षं.
शेवटी एकदा मी नळी
माझ्याच अंगठ्याला लावून पाहिली."

हे कुठल्याच कलमात बसत नाही.
कुशल माणसाला कधी कुणी लाथ मारलेली नाही.

मग मी तारखा मोजते.
ओसाकाचा कागद एकतीस वर्षं
नळ्या विकणाऱ्यांच्याच कपाटात होता.
इतकं उघड होतं,
तर कुणी उघडलं का नाही?

चार वाजून चाळीस. अध्यक्षबाई उभ्या राहतात.
पेटंट कायम.
ड्रेक्सलर बॅगेची चेन ओढतात, अडकते, पुन्हा ओढतात.
वालबुर्गा एवढंच विचारते,
पाचची गाडी मिळेल का,
गाई शेजारणीला धार काढू देत नाहीत.

रात्री मी कारणं लिहायला घेते.
सातव्या पानापर्यंत सगळं इतकं सरळ उतरतं
की वाटतं, यात सुनावणी कशाला हवी होती,
हे तर कुणालाही...

थांबते.
तेवढी ओळ खोडते.
पुन्हा सकाळच्या नऊला जाऊन बसते,
काही माहीत नसल्यासारखी.