राखणदार

मंगळवारी दुपारी पडदा तांबडा झाला.
सत्तेचाळीस विषाणू, म्हणाला, आणि उलटं मोजू लागला:
पाच मिनिटं, चार एकोणसाठ, चार अठ्ठावन्न,
जणू शेवटची बस सुटतेय
आणि मी अजून पायरीवर चपला शोधतेय.
मी बटण दाबलं नाही. धाडस कसलं,
चष्मा स्वयंपाकघरात होता.

माझ्या संगणकात आहे तरी काय?
एक-चौदाचा उतारा, ज्यात वारलेल्या दिराचं नाव अजून आहे.
लिस्बनला पाठवायची म्हणून सासऱ्यांच्या जन्मदाखल्याची प्रत,
कडेला वाळवीने खाल्लेली.
ह्यांच्या तपासण्यांचे अहवाल, जे आता कुणालाच नकोत,
आणि 'इतर' नावाच्या फोल्डरात
ह्यांचा आवाज. अठ्ठावीस सेकंद.
गॅस बंद केलास का, एवढंच विचारतात.

मुलगा जहाजावर. तिथून लिहितो,
आई, एखादा फुकटचा अँटिव्हायरस टाक ना.
एखादा!
कोथिंबिरीची जुडीच जणू.

शोधले. केवढे ते रखवालदार!
सगळ्यांच्या छातीवर ढाल, सगळेच पहिल्या क्रमांकाचे.
एकाने उंबऱ्यातच कार्डाचा नंबर मागितला,
फुकटच आहे हो, पण असू दे.
एकाला माझ्या ओळखीच्या माणसांची यादी हवी.
एक आला तो गणगोत घेऊन:
हवामान सांगणारा, खरेदीत सूट शोधणारा,
आणि तिसरा, ज्याचं काम मला अजून कळलेलं नाही.
बाजारात मी बांगड्याचा कल्ला उचलून बघते.
यांचा कल्ला कुठे असतो?

शुक्रवारी म्हापशाला कुस्तोदला विचारलं.
पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा, आता हे करतो.
दुकान तेच, मिरची दळणाऱ्याच्या शेजारी,
त्यामुळे त्याचा सल्ला दोन शिंकांच्या मधून येतो.
'बाय, फुकट राखता तो खाता कितें, तें आदीं पळय.'

परतीच्या बसमध्ये आठवला आमचा राखणदार,
कोरगावच्या शिवेवरचा.
पगार घेत नाही.
वर्षातून एकदा रोट, नारळ, थोडी सूर, एक विडी.
तो काय खातो हे गावाला ठाऊक आहे
(विडी कोण ओढतो हेही, पण ते आपण बोलत नाही).
रात्री काठी आपटत फिरतो म्हणतात;
कुणाच्या खिडकीत डोकावल्याचं ऐकिवात नाही,
आणि सत्तेचाळीस चोर आले म्हणून
त्याने कधी कुणाला झोपेतून उठवलं नाही.

रविवारी मीस आटपून कुस्तोद घरी आला.
आत एक मुळचाच होता, यंत्राबरोबर आलेला.
दुसरा ह्यांनी आणलेला, निवृत्त झाले त्या वर्षी, वर्षाच्या कराराने.
करार कधीच संपला.
हा दारात खुर्ची टाकून झोपलेला,
आणि हा आहे म्हणून पहिल्याला कुणी हाकच मारली नव्हती.
'काढू?'
नोंदणीत ह्यांचं नाव होतं.
मी म्हटलं, आधी चहा घे.

चहानंतर काढला.
पहिला जागा झाला, काही न बोलता कामाला लागला.
हा काय खातो रे, मी विचारलं.
कुस्तोदने खांदे उडवले.
'ज्याने यंत्र विकलं त्याचंच. तुझंही थोडं चाखत असेल.
पण मागच्या दारानं पाहुणे आणत नाही.'
मग म्हणाला, कुठल्याच राखणदारावर सगळं सोडू नको,
आणि अठ्ठावीस सेकंदांची एक प्रत
बोटाएवढ्या काडीत घालून माझ्या हातात दिली.
ती दागिन्यांच्या डबीत आहे. दागिने बँकेत.

आता रात्री दहाला कोपऱ्यात एक बारीक वर्तुळ फिरतं.
बाहेरून काहीतरी मागवतो, आजच्या चोरांचे चेहरे म्हणे,
आणि तेवढा वेळ बंद करू नका म्हणतो.
मी बसून राहते.
घे, म्हणते, जेव सावकाश.
गॅस बंद केलाय.