एकोणिसावी चौकट

रोल आधी फिरदोसने संपवला, कॅम्पात.
मग उलटा गुंडाळून, जीभ बाहेर ठेवून
माझ्या हातात दिला : आता यावरच तुझं टाक.

मी टाकलं. काय काय, आठवत नाही.

बाथरूमच्या दाराखाली ओला टॉवेल.
कॉफी, धुण्याचा सोडा, व्हिटॅमिन सीच्या गोळ्या कुटून.
वास असा, की वरच्या पानसेबाई
जिन्यातूनच, "काय जाळताय?"

बहुतेक काळंच आलं.
एकोणिसाव्यात मात्र त्याच्या वडिलांची वेताची खुर्ची
आणि बसून बसून खोल गेलेल्या विणीत
भिडे पुलाखालचं माझं पाणी.

फिरदोस निगेटिव्ह ट्यूबलाइटपुढे धरून उभा.
कोपरावरून ठिबकतंय.

"खुर्ची मार्चमध्येच विकली," म्हणाला.
मग जरा वेळाने,
"पुढच्या रोलला आधी तू."