फरमा

टेम्पो त्या बोळात शिरत नाही.
दस्तगीर तो पाण्याच्या टाकीच्या सावलीत लावतो
आणि आम्ही चालत जातो, दोर नि पोती खांद्यावर टाकून.
साखर पेठ, दुपारचे बारा,
शेजारच्या मागाची खटखट भिंतीतून येते
म्हणून रिकामं घरही हलकं थरथरत असतं.

"सगळं न्या," श्रीलता फोनवर म्हणाली होती, हैदराबादहून.
"मला काही नको. रविवारी चावी द्यायची आहे."
सगळं हा शब्द मी रोज ऐकतो.
सगळं म्हणजे किती, ते उचलणाऱ्याला कळतं:
दोन खोल्या, साडेतीन खेपा.

आधी काच, मग लाकूड, शेवटी लोखंड.
देव आम्ही उचलत नाही. आमची तेवढी एकच अट.
कॉट गेली पोरांच्या मेसवर,
कूलरची फक्त मोटर कामाची निघाली,
कपाटाच्या दाराचं टेबल होईल, आरशासकट.
भांडी मोडीत.
मोडवाला वजन करतो, वाचत नाही. मी वाचतो:
'श्रीलता कुडक्याल, दहावीत शाळेत दुसरी, मामाकडून.'
एवढं सगळं एका पेल्यावर,
कोरणाऱ्याने शेवटची अक्षरं दाटीवाटीने बसवलेली.

चादरी मात्र आम्ही विकत नाही.
सोलापुरात जुनी चादर कोण घेणार?
त्यांत फ्रीज गुंडाळतो, टीव्ही गुंडाळतो,
विरल्या की ताहसीन नेते, दस्तगीरची बहीण,
आणि त्यांच्या गोधड्या होतात.

नवव्या दिवशी श्रीलताचा फोन.
आधी इकडचं ऊन, तिकडचं ऊन.
मग म्हणाली,
"सुपात अम्माचा फरमा होता. पत्र्याचा.
विडीचं पान कापायचा.
मिळेल का बघा. कशाला, ते विचारू नका."

मी विचारलं नाही.
अक्कलकोट रोडला मल्लिनाथच्या गोडाऊनला गेलो,
पत्रा, किलोला बावीस, पुरुषभर ढीग.
चटके बसत होते. संध्याकाळपर्यंत उपसला.
डब्यांची झाकणं सापडली, रॉकेलचं नरसाळं,
कुणाच्या तरी दारावरचा नंबर.
फरमा नाही.

दस्तगीर चहा पिता पिता म्हणाला,
"अरे, तो? तो तर ताहसीननं त्याच दिवशी उचलला."

ती जमिनीवर बसली होती, पाय पसरून,
चादरीच्या तुकड्यावर फरमा ठेवून कात्री फिरवत.
पान कापायची तीच चाल,
फक्त पानाच्या जागी मोराचं अर्धं पीस, लाल सुतातलं.
पत्र्याची एक कड अंगठ्याने झिजून आत गेलेली
आणि ताहसीनचा अंगठा नेमका तिथेच.
"न्या की," ती म्हणाली, "मी पुठ्ठ्याचा करीन."
मग थोड्या वेळाने, खाली बघूनच,
"पुठ्ठा चार दिवसांत मऊ पडतो, पण करीन."

मी फरमा लाइट बिलाच्या पाठीवर ठेवला,
पेन्सिल भोवती फिरवली.
झिजलेल्या कडेपाशी रेघ वाकली, तशीच राहू दिली.
फोटो काढला. सोबत चार ओळी लिहिल्या,
कुणाच्या हातात आहे, काय कापते.

दोन निळ्या टिका.
'टायपिंग' दिसलं, गेलं, पुन्हा दिसलं.
जेवण झालं माझं, भाकरी, शेंगाचटणी, ताक.
साडेदहाला आलं:
"राहू द्या तिच्याकडे. एक गोधडी सांगते. सिंगल.
पैसे आधी पाठवू का?"

ताहसीन म्हणते, दोनशेच्या वर तुकडे लागतील,
कापून झालेत एकेचाळीस.
दस्तगीर म्हणतो, पोचवायचं भाडं कुणी धरलंय का?

आज जोडभावी पेठेत घर आहे, वरचा मजला, जिना अरुंद.
मालक पुण्याहून म्हणाला, "सगळं न्या."
मी म्हटलं, माळ्यावरचा डबा एकदा उघडून दाखवू का, व्हिडिओवर?
माणसं चिडतात अशा वेळी.
हाही चिडला.
मी फोन धरून उभा राहिलो,
दुसऱ्या हाताने झाकण काढत.