हातचा एक

जुलै. आमच्याकडे जुलैत बर्फ पडतो.
ओमारामाकडे जाणारा घाट कालपासून बंद,
आणि शाळेची बस तशीही या फाटकापर्यंत
कधी आलेली नाही.
अँगस अंधारातच मेंढ्यांना गवत टाकायला गेला.
मी टेबलावरचा जॅम पुसला.
जॅम पुसला की आमची शाळा भरते.

एका बाजूला ऑर्ला, वय अकरा, अपूर्णांकांशी अबोला.
समोर फर्गस, जीभ बाहेर काढून बेरीज करणारा.
"सात आणि आठ पंधरा. पाच लिही, हातचा एक."
माझा हातचा एक कमरेवर आहे:
अडीच वर्षांची नेल, नाक वाहतंय,
लाल पेनचं टोपण तिच्या तोंडात.

आणि टेबलाखाली हॅटी.
तिच्यासाठी काल रात्री जागून केलेला संसार:
मफिनचा पत्रा, बारा खळगे, रंगांप्रमाणे लावायची बटणं
(एक शिंगाचं, अँगसच्या आजोबांच्या कोटाचं,
ते कुठल्याच रंगात बसत नाही, म्हणून तिचं लाडकं),
चाळणीच्या भोकांतून ओवायची लोकर,
बीटच्या पाण्यात मळलेली खारी कणीक,
खोक्याला पाडलेली फट,
तीतून कपड्यांचे चिमटे पोस्ट करायचे, कुणाला ते विचारायचं नाही.
काल जे तासभर पुरलं ते आज सात मिनिटं.
सात मिनिटांत फर्गसच्या दोन बेरजा होतात,
त्यातली एक चुकते.

मग शांतता.
लहान मूल असलेल्या घरात शांतता ही बरी खबर नसते,
पण मी ऑर्लाला विचारत होते,
तीन अष्टमांशातून एक चतुर्थांश गेला तर
आणि वाक्याच्या मधोमध लक्षात आलं,
हातचा धरायचा राहिला.

टेबलाखाली नुसते चिमटे.
कोठीत नाही. पिठाच्या पिंपात नाही.
दाराशी तिचे बूट आहेत, म्हणजे बाहेर नाही;
माझं काळीज मात्र तेवढ्यात अनवाणी
तळ्यापर्यंत जाऊन आलं.

जिन्याखाली सापडली.
शाळेच्या टपालाच्या हिरव्या पिशवीत पाय घालून बसलेली,
मांडीवर फर्गसची गेल्या आठवड्याची वही.
एकेका लाल फुलीवरून बोट फिरवत होती,
मांजराच्या कानावरून फिरवावं तसं.
"मला हे कधीच मिळत नाही."
"काय गं?"
"चूक."

सकाळपासून मी तिला वा, छान, शाब्बास,
मान न वळवता, कोंबड्यांना दाणे फेकावेत
तसं फेकत होते.
चूक सापडायला आधी बघावं लागतं.

बसले तिथेच, फरशीवर, नेलसकट.
तिने माणूस काढला होता. पोट, पाय, पुष्कळ केस.
मी बघितला. पुन्हा बघितला.
"याला कान कुठेत? ऐकू कसं येणार?"
आणि डोक्याशेजारी एक फुली मारली,
लहानशी, अगदी खरी.
तिचा चेहरा असा उजळला
की मला थोडं रडूच आलं.
धावत सुटली, कागद डोक्यावर धरून:
"फर्गस! फर्गस! माझं चुकलं!"
फर्गसने वही झाकली, मग उघडली,
मग म्हणाला, "माझ्या तीन आहेत."

ऑर्लाची वजाबाकी राहिलीच.
दुपारी पाहिलं तर बाईसाहेब टेबलाखाली,
मफिनच्या पत्र्यात शेजारशेजारचे तीन खळगे भरून
स्वतःशी पुटपुटत होत्या.
मी काही बोलले नाही. पाय जरा आखडून घेतले.

रात्री अँगसने मोजे शेगडीवर वाळत घातले
आणि विचारलं, आज काय शिकवलंस?
फ्रिजवर तो माणूस लावलेला,
त्याला आता सहा कान.
"बेरजा," मी म्हणाले,
आणि नेलच्या मुठीतून शिंगाचं बटण सोडवत राहिले.
तिघं झोपली होती.
हातचा एक अजून जागा होता.