टाकीत उतरण्याआधी

चपला इथे, रॅकवर.
मोबाईल त्या टोपलीत. वाजला तर वाजू दे,
मी उचलणार नाही.

आज दाढी केलीत का?
मग चुरचुरेल, मला बोल लावू नका.
कुठे ओरखडा असेल, डास चावून खाजवलेलं,
काजूच्या चिकाने बोटाची उतरलेली साल,
सगळ्यावर व्हॅसलीन लावा, जाडसर.
मीठ जखमेचा पत्ता विचारत येतं.

हे बाबांचं वाक्य.
शिरोड्याच्या मिठागरात त्यांचे एकतीस उन्हाळे गेले,
आणि माझ्या संध्याकाळी
त्यांच्या टाचांच्या भेगांत मेण भरण्यात.
हे मीठ मात्र ते नव्हे. हे विलायती,
कोल्हापूरहून टेम्पोने येतं, पोत्यात.
चारशे किलो, आणि पाणी वीतभर, थोडं वर.
बुडायचं म्हटलंत तरी जमणार नाही.

गाव हसतं आम्हाला.
समुद्र हाकेवर, आणि पैसे मोजून टाकीत निजायचं?
मी म्हणते, समुद्र कधी कुणाला
तासभर एकटं सोडतो का?

जेवून आलात? बांगडा?
मग बाहेर बाकावर बसा थोडं.
आत दुसरा आवाजच नाही,
पोटातली सोलकढी ढगासारखी गडगडते.
फीट येत असेल तर आत्ताच सांगा, लाजू नका.
डोळ्यांना हात लावायचा नाही.
लागलाच, तर उजवीकडे गोड्या पाण्याची बाटली आहे.

आणि मान सोडा.
सगळे पाय सोडतात, हात सोडतात,
मान धरून ठेवतात,
जशी काही कुणी परत मागायला येणार आहे.

पहिली वीस मिनिटं काही होत नाही.
डोकं हिशेब करील: सिलिंडर, एसटी,
नणंद बारशाला काय म्हणाली.
करू दे. बागेतल्या माकडाला दगड मारला
की तो भावकी घेऊन येतो.

गेल्या पौषात रेडीचे मेघश्याम कुबल आले,
जन्माचे तांडेल. गुडघे गेलेले, पैसे मुलाने भरलेले.
सातव्या मिनिटाला दार ढकलून बाहेर,
मिशीतून पाणी गळतंय.
"ह्या पाण्याक वड नाय गो.
वड नसलेल्या पाण्यार माजो इस्वास नाय."
मी हसले, चुकलं माझं.
चहा दिला. त्यांनी तो बशीत ओतून
बराच वेळ नुसता बघितला.
मग म्हणाले, "दार उघडा ठेवशीत?"

ठेवलं. उंबऱ्यावर बसले लसूण सोलत.
आत त्यांचा उजवा हात पाण्याखाली
डावीकडे, उजवीकडे,
सुकाणू धरल्यासारखा, आपला आपणच.
लसूण संपली तेव्हा मान वर केली.
हात थांबला होता.
छाती हलतेय ना, एवढं पाहिलं
आणि सालं भरायला लागले.

म्हणून तुम्हालाही सांगते, पत्रकात नाही हे:
दाराला कडी नाही, आतूनही नाही, बाहेरूनही नाही.
हात लावून बघा. उघडं हवं तर उघडं.
बंद केलं म्हणून कुणी जास्त शूर होत नाही.

बाहेर येताना सावकाश. जड वाटेल,
आत जाण्याआधी होतात तेवढेच असाल, तरी.
कान नीट धुवा, केस दोनदा,
नाहीतर रात्री उशीवर पांढरी रेघ.

मी? सगळेच विचारतात.
एकदा. अकरा मिनिटं.
मिठागरवाल्याची मुलगी, ओठाला लागलं ते
जिभेवर घेतल्याशिवाय राहवेना.
कडू होतं.
आयुष्यात पहिल्यांदा मीठ कडू लागलं,
आणि हे सांगायला घरात कोणी नव्हतं.

असो. तुम्ही चाखू नका.
टॉवेल हा घ्या.
लाईट मी बंद करत नाही कुणाची.
बटण आत आहे, डाव्या हाताला.
वाटेल तेव्हा तुम्हीच करा.