डावं-उजवं

लाँग्टनच्या कारखान्यात मी फिटर.
कपांना सोनेरी काठ लावणाऱ्या बायकांची चाकं,
त्यांचे पट्टे, पायटे, बेअरिंग माझ्याकडे.
चिनीमातीतलं मला फारसं कळत नाही.
लिनेट टनिक्लिफला कळतं.
एकतीस वर्षं तिच्या ब्रशाचं टोक
जिथून निघालं तिथंच परत येऊन टेकलं,
सांधा दिसला नाही कधी.

मग एका पहाटे उजवा हात
अंथरुणातच राहिला.

सात महिने तिनं स्वयंपाकघराच्या टेबलावर
डाव्या हाताला शिकवलं.
आधी बशा, मग अंडी,
अंड्यांवर हात खोटं बोलू शकत नाही म्हणे.
आणि मग कारखान्याला एका ओळीचं पत्र:
चाक बाकाच्या डाव्या अंगाला हवं.

पाच महिने बैठका.
प्रोबर्टसाहेबांनी करार उघडला, कलम नऊ:
नेमल्या जागी, नेमल्या रीतीनं.
म्हणाले, आज हिला दिलं तर उद्या रांग लागेल.
वकिलाचं उत्तर आलं, त्यात एकच शब्द तीनदा:
वाजवी.
वाजवी म्हणजे किती, यावर दोन शुक्रवार गेले,
गाड्यावर कोबीचा भाव करावा तसे.

मला अंदाजपत्रक मागितलं. मी लिहिलं:
सतरा नंबरचा पाना. पंचवीस मिनिटं.
चहा धरून पस्तीस.
ते परत आलं. सही चुकीच्या रकान्यात होती.

पत्रांमधून सारखं तिच्या 'सोयी'बद्दल असायचं.
ती खोली मी रोज झाडूनपुसून ओळखतो.
खिडकी उजवीकडे, दिवा उजवीकडे,
सोन्याच्या बाटलीचा खाचादेखील उजवीकडे.
आम्हा उजव्यांची सोय
कुणी अर्ज न करताच झाली होती.
तिला कुणी सोय म्हटलं नव्हतं,
बाक म्हटलं होतं.

शेवटी मंगळवारी कागद आला.
तात्पुरता बदल, दर तीन महिन्यांनी फेरविचार.
मी गुडघ्यावर बसलो,
डाव्या अंगाला खुणा करायला जुना रंग खरवडला.
हिरव्याखाली करडा, करड्याखाली तपकिरी,
आणि तपकिरीखाली
चार भोकं.

बुजवलेली. मातीनंच, आमच्याच,
एकावर अंगठ्याचा ठसा, भाजल्यासारखा टणक.
फूटपट्टी लावली. अंतर तेच, सूतभरही फरक नाही.

म्हणजे इथं कुणीतरी बसली होती.
जन्माची डावरी असेल, नाहीतर
पट्ट्यात बोटं गेलेली एखादी पोर.
आणि माझ्यासारखाच कुणी पाना घेऊन आला असेल,
म्हणाला असेल, सरक जरा, डक.
मी दप्तरात शोधलं. ना अर्ज, ना कलम.
म्हाताऱ्या क्लूझला विचारलं, त्याला आठवेना.

सुईनं माती उकरली.
बोल्ट बसले, जणू वाटच पाहत होते.
बावीस मिनिटं लागली.

लिनेटनं पहिला कप लावला. काठ हलला.
मी म्हणालो, छान आहे.
तिनं माझ्याकडे पाहिलं
आणि कप स्वतःच्या हातानं भंगाराच्या पेटीत टाकला.
दुसऱ्यालाही बोलली नाही.
पाचव्यावर चाक थांबवून
सांधा शोधत बसली, मान वाकडी करून.

प्रोबर्टसाहेबांच्या वहीत
तीन महिन्यांनंतरची तारीख लाल शाईनं आहे.
बोल्टांना तारखा कळत नाहीत.

उजवीकडची भोकं मात्र
मी बुजवली नाहीत.